मामांनी न मारलेली कोलांटी

इंग्रजी शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या मणक्यावर तपासून घेणारा माणूस साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर एकच होऊन गेला, आणि तो माझ्या घरमालकीणबाईंचा धाकटा भाऊ होता, असं विधान मी केलं तर मंडईमागच्या आमच्या त्या गल्लीत तरी त्याला कोणी हरकत घेणार नाही. हरकत घेण्याजोगी माणसं आता थोडीच उरली आहेत. जी आहेत त्यांच्यातल्या एकदोघांची पाठ थंडीत अजून धरते, आणि पाठ धरली की त्यांना तो माणूस, म्हणजे आमचे मामा, आठवतात. मला पाठ न धरताही आठवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि ती पायरी चढून पलीकडे सुखरूप उतरलो तो मामांमुळे, हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. ते कसं, हे मात्र नीट कधी सांगितलं नाही, कारण त्यात मी पुष्कळदा उलटा दिसतो.

बार्शीकडच्या आमच्या लहानशा गावातून मी ट्रंक आणि वळकटी घेऊन पुण्यात आलो, ते सत्तरच्या दशकाआधीचे दिवस. मामांच्या थोरल्या बहिणीला सारी गल्ली आक्का म्हणत असे. खाली जिन्यालगतची खोली मला देताना आक्कांनी माझी मुलाखत घेतली. "नळावर भांडतोस का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही." "वाद घालतोस का?" "नाही." "मग पुण्यात राहणार कसा तू?" असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मग जिन्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "वर माझा भाऊ असतो. त्याने काही करायला सांगितलं तर आधी मला येऊन विचारायचं." हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला नव्हता, आणि वरून लगेच उत्तर आलं, "ऐकलं."

मामांच्या बोलण्यातला हा लांबलचक नमुना. एरवी ते याहून थोडक्यात बोलत. सारा जन्म त्यांनी तारखात्यात काढला होता. लोकांची मरणं, बारशी आणि नेमणुका मोजक्या शब्दांत बसवता बसवता त्यांची जीभच आखडली होती. सकाळी जिन्यात भेटले की विचारत, "चहा?" मी म्हणालो "झाला", तर म्हणत, "पुन्हा?" आणि वळून वर चालू लागत. म्हणजे मी मागोमाग जायचं. शेजारचे एक गृहस्थ एकदा आपल्या मुलीचं लग्न कसं ठरलं ते सांगायला बसले. मुलाच्या आत्याच्या नणंदेपासून त्यांनी सुरुवात केली होती. मामांनी बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि मग त्यांच्यासाठी सारांश केला, "मुलगी. लग्न. नागपूर. आनंद. पुढे?" त्या गृहस्थांना पुढे काही उरलंच नाही. ते चहा पिऊन गेले, आणि खाली आक्कांपाशी नणंदेपासून पुन्हा सुरू झाले.

मामा अंगानेही तारेच्या खांबासारखेच होते. उंच, सडपातळ, आणि इतके ताठ की मी त्यांना कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं. कधीच नाही. बुटाची नाडी बांधायची तर पाय स्टुलावर घेत. देवळात गेले की पाठ तशीच सरळ ठेवून नुसत्या गुडघ्यांतून खाली जात, विहिरीत घागर सोडावी तसे, आणि तसेच वर येत. सणासुदीला कोणी पाया पडलं तर ते वरूनच हात ठेवल्यासारखं करीत. हात आणि पाया पडणाऱ्याचं डोकं यांच्यात चांगलं वीतभर अंतर राही. त्यांची काळी टोपी खुंटीवरून पडली तर ती ते उचलत नसत. तिच्यासमोर जाऊन उभे राहत. कोणी ना कोणी येईच. मी नवा असताना मला वाटलं, हा अभिमान असावा. गल्लीलाही तसंच वाटे, पण पुण्यात ताठ माणसाला त्याचं कारण विचारण्याची पद्धत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तालीम होती. लाल माती, मल्लखांब, मारुतीचा कोनाडा आणि आडव्या अंगाचे, उभ्या आवाजाचे वस्ताद. एका वर्षी कुठल्याशा योजनेतून त्या तालमीला एक जाड गादी आणि उड्या मारायचा एक चामड्याचा लाकडी घोडा मिळाला, आणि त्यांच्याबरोबर कसरतींचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. वस्ताद ते पुस्तक ओला पंचा धरावा तसं दोन बोटांत धरून मामांकडे आले. "मामा, ह्यात काय लिवलंय ते जरा मराठीत घाला बगू. पोरं औंदा स्पर्धेला उतरायचीत, आन् तिथले पंच समदं इंग्रजीत वरडत्यात. पोरगं उडी मारायला तयार हाय, पण कंची मारायची ते त्याला कळाय नको?"

मामांनी पुस्तक घेतलं. मग ग्रंथालयातून एक शब्दकोश आणवला आणि दिवसभर तो चाळला. संध्याकाळी मला वर बोलावून म्हणाले, "बघ." मी पाहिलं. समरसॉल्ट म्हणजे कोलांटी उडी. हँडस्प्रिंग म्हणजे एक प्रकारची कोलांटी उडी. टम्बल म्हणजे कोलांटी उडी मारणे. कार्टव्हील म्हणजे कडेवर कोलांटी उडी. मामांनी कोश मिटला आणि त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं. "हा मनुष्य कधी उलटा झालेला नाही," ते म्हणाले, "घरी बसून लिहिलंय." या वाक्याचा पुढे काय अर्थ लागणार होता हे तेव्हा मला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मग मामांनी स्वतःची पद्धत काढली, आणि ती थेट तारखात्यातून आलेली होती. ते म्हणाले, तारेचा अर्थ कागदावर नसतो, पलीकडचा माणूस काय करतो त्यात असतो. 'निघा' अशी तार केली आणि तो निघाला, तर तार बरोबर. तो पत्र लिहायला बसला, तर चूक. तेव्हा इंग्रजी वर्णनावरून मामा मराठीत सूचना लिहिणार, आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. ती सूचना अशा माणसाला वाचून दाखवणार, ज्याला मूळ इंग्रजी कळत नाही आणि ज्याने पुस्तकातलं चित्र पाहिलेलं नाही. त्याने फक्त ऐकेल तसं करायचं. करून तो चित्रातल्यासारखा दिसला, तर अर्थ बरोबर. नाहीतर अर्थ चुकला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं इंग्रजी कच्चं आहे ना?" मी मान खाली घालून हो म्हणालो. "उत्तम," मामा म्हणाले. माझ्या इंग्रजीला उत्तम म्हणणारा तो पुण्यातला पहिला माणूस.

आक्कांची परवानगी घ्यायची मला आठवण होती, पण मामा म्हणाले, "आधी शब्द. मग आक्का." पहिल्या दिवशी कार्टव्हील होतं. मी गादीवर उभा राहिलो, वस्ताद हाताची घडी घालून, आणि मामांनी वाचलं, "दोन्ही हातांवर भार घेऊन अंग बाजूने चाकाप्रमाणे फिरवावे." मी खाली बसलो, हात टेकले आणि जात्यासारखा जागच्या जागी गरगर फिरू लागलो. माझ्या पायांनी वस्तादांची पाण्याची कळशी उडवली. मामांनी चित्र पाहिलं, मला पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "अर्थ चुकला." पत्रिकेच्या पाठीवर काट मारून पुन्हा लिहिलं. पुन्हा वाचलं. मी पुन्हा चुकलो. शेवटी धापा टाकत मी म्हणालो, "मामा, चाक म्हणजे कंचं? जात्याचं का गाडीचं?" घाबरलो की माझ्या तोंडी गावाकडची भाषा येई. मामांनी इंग्रजी पुस्तक पुन्हा उघडलं. "गाडीचं," ते म्हणाले. मग मला सोपं झालं. गाडीचं चाक काही गरगरत एका जागी बसत नाही, ते रस्त्याने चालतं, आणि त्याचे आरे एकामागून एक जमिनीकडे येतात. एक हात, दुसरा हात, एक पाय, दुसरा पाय. मी तसा गेलो आणि पलीकडच्या भिंतीला टेकून थांबलो. मामा भिंतीपाशी आले. "अर्थ बरोबर. इंग्रजही बैलगाडीतूनच आला म्हणायचा." त्या शब्दाला त्यांनी नाव दिलं 'गाडीचाक'.

असे त्यांनी किती शब्द माझ्या, वस्तादांच्या पोरांच्या आणि वाटसरूंच्या अंगावर घातले, त्याला सुमार नाही. हँडस्टँड आमच्या दूधवाल्यावर सिद्ध झाला. तो "मामा, म्हशी खोळंबल्यात" असं ओरडत उलटा उभा होता. हँडस्प्रिंगला 'हातउसळी' हे नाव ठरलं त्या दिवशी माझं मनगट आठवडाभर सुजलं. हेडस्टँडला वस्ताद म्हणाले, "ह्ये तर आपलं शीर्षासन," तर मामांनी साफ नाकारलं. "शीर्षासनात माणूस डोळे मिटतो. यात पंचांकडे बघतो. वेगळं." 'टक'ला, म्हणजे अंग गोळा करून घेण्याच्या स्थितीला, मराठी शब्द मिळेना, तेव्हा मामा मंडईत एका भाजीवालीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, थंडीत झोपताना काय करता?" भाजीवालीने तराजू खाली ठेवला. मी घाईघाईने पुढे होऊन खुलासा केला. ती हसली आणि म्हणाली, "अंगाचं मुटकुळं करते की! तुमी काय करता?" मामांनी तिच्याकडून गरज नसलेली मेथीची जुडी घेतली, आणि त्या 'टक'ला 'मुटकुळं' हा शब्द कायम झाला. पाय सरळ ठेवून कमरेत मिटण्याची जी कसरत आहे, तिला शब्द आक्कांच्या पानाच्या डब्यात सापडला. आक्का सुपारी कातरत होत्या. मामा बराच वेळ त्यांच्या हाताकडे पाहत राहिले आणि एकदम म्हणाले, "अडकित्ता." आक्का म्हणाल्या, "देणार नाही. मागच्या वेळी पोळपाट नेलास तो अजून तालमीत आहे."

या सगळ्या उलथापालथीत माझं इंग्रजी सुधारत गेलं, ते माझ्याही लक्षात आलं नाही. अर्थ बरोबर ठरला की मामा मूळ इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचून दाखवत, आणि नुकतंच अंगाने केलेलं असल्यामुळे ते मला कळे. ओव्हर, अक्रॉस आणि थ्रू यांतला फरक आमच्या हायस्कुलात मला कधी समजला नव्हता. तो आधी माझ्या कमरेला समजला आणि मग मला. बी.ए.च्या परीक्षेला बसलो तेव्हा एखादं वाक्य अडलं की मी बाकावर बसल्या बसल्या खांदे हलवून पाही. पर्यवेक्षक माझ्याकडे संशयाने बघत, पण खांद्यावर कॉपी करता येत नाही.

पुस्तक संपत आलं. स्पर्धा जवळ आली. वस्तादांनी सायक्लोस्टाइल करून घेण्याची तयारी केली आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की पहिलंच पान कोरं आहे. पहिल्या पानावर पुस्तकातली सर्वांत सोपी कसरत होती, फॉरवर्ड रोल. जमिनीवरची साधी पुढची कोलांटी. वस्ताद म्हणाले, "अवो मामा, ही तर शेंबडं पोरगंबी मारतंय! ल्या की, 'कोलांटी', आन् मोकळं व्हा." मामा म्हणाले, "तपासलेली नाही." "त्यात काय तपासायचं?" "सगळे शब्द तपासले. पहिलाच न तपासता?"

अडचण अशी होती. मामा मला सूचना वाचू लागले, "गुडघे मोडून बस, तळवे..." एवढ्यात मी एक कोलांटी मारून उभाही राहिलो होतो. मामा म्हणाले, "बाद." मी म्हणालो, "पण मामा, बरोबर तर मारली." "मारलीस. पण ऐकलंस कुठे? तू आठवलंस." आणि ते खरंच होतं. दूधवाल्यानेही आठवूनच मारली, वस्तादांच्या पोरांनीही, आणि स्वतः वस्तादांनी तर गादी फाटेल अशा बेताने. लहानपणी कोलांटी न मारलेला माणूसच कुठे सापडेना. मामा आता त्या माणसाच्या शोधाला लागले. सकाळी पर्वतीच्या पायऱ्यांवर फिरायला येणाऱ्या निवृत्त गृहस्थांना गाठून ते विचारत, "लहानपणी कोलांटी मारली होती?" एकजण चष्मा पुसून म्हणाले, "मारली असली तर आपल्याला काय त्रास झाला?" दुसरे एक भारदस्त वकील मात्र तिथेच पायरीवर बसले आणि कृष्णाकाठची वाळू, मामाचं गाव, भावंडं असं कितीतरी वेळ बोलत राहिले. मामांनी नेहमीप्रमाणे सारांश केला, "वाळू. कोलांटी. सुख." पण या वेळी त्यांनी "पुढे?" विचारलं नाही.  

त्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी मी हताश होऊन म्हणालो, "आक्का, कोलांटी न मारलेला माणूस पुण्यात नाहीच." आक्का दूध गाळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आहे एक. माझा चहा गार करत बसलाय."

मी मामांकडे पाहिलं. मामा कपाकडे पाहत होते.

मग आक्कांनी सांगितलं. बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता मुलगा. लहान असताना मोठं आजारपण झालं, ताप डोक्यात गेला. त्यातून वाचला तेव्हा वैद्यांनी आईला सांगितलं, याचं डोकं सध्या खाली होऊ देऊ नका. सध्या म्हणजे किती, हे आईने विचारलं नाही आणि वैद्यांनी सांगितलं नाही. थोड्याच दिवसांत वैद्य गाव सोडून गेले. आई मात्र तो हुकूम जन्मभर पाळत आणि पाळवत राहिली. इतर मुलं तालमीत उलटीपालटी होत तेव्हा हा त्यांचे सदरे हातावर घेऊन पायरीवर बसे. जाताना आईने आक्कांचा हात धरून शेवटचं सांगितलं ते हेच, "बाळचं डोकं सांभाळ." साठी उलटलेल्या मामांना आक्का अजून बाळ म्हणत, ते ऐकून मला एरवी हसू येई. त्या दिवशी आलं नाही. मामा एवढंच म्हणाले, "तार लागू. रद्दची तार आली नाही."

आता त्यांच्या नियमाने त्यांनाच घेरलं होतं. चित्र पाहिलेलं असलं तरी अंगाला आठवण नसलेला, हा शब्द तपासायला लायक माणूस साऱ्या पुण्यात एकच, आणि तो शब्द लिहिणाराही तोच. दुसऱ्या दिवशी मामा डॉक्टरांकडे गेले, मी बरोबर होतो. मामांनी विचारलं, "डोकं खाली चालेल?" डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, मान फिरवून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. "चालेल की. सावकाश करा. पण कशाला?" "शब्दासाठी." डॉक्टरांनी थोडा विचार करून एक टॉनिक लिहून दिलं.

आक्कांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो डॉक्टर आईला भेटला होता का?" विषय संपला. दोघा भावंडांचं बोलणंही संपलं. मग ते माझ्यामार्फत बोलू लागले. "त्याला सांग, भाजी वाढली आहे." "तिला सांग, पुरे." "त्याला सांग, पुरे म्हणे! कालपासून नीट जेवलेला नाही." मी जिना चढत-उतरत दोन्हीकडचे निरोप पोचवत होतो. मामांनी वस्तादांना कळवलं, पहिलं पान कोरं ठेवून छापा. वस्ताद माझ्यापाशी हळहळले, "आरं, पैलंच पान कोरं म्हंजे बिनडोक्याचा मारुती की रं."

एका संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तर मामा आक्कांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी ताठ उभे होते. त्यांच्या पायांपुढे एक लग्नपत्रिका पालथी पडली होती. पहिल्या शब्दाची सूचना लिहिलेली तीच. हातून पडली असावी. मी उचलायला पुढे झालो, एवढ्यात आक्का हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनीच ती उचलली. सवयीने मामांच्या हातात द्यायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. चष्मा लावून वाचू लागल्या. सावकाश, ओठ हलवत. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कित्येक दिवसांनी त्या थेट भावाशी बोलल्या.

"यात डोकं जमिनीला कुठे लागतं रे?"

"लागत नाही," मामा म्हणाले. "लागलं तर अर्थ चुकला."

"मग काय लागतं?"

"हात. खांदे. पाठ. डोकं आत. मुटकुळ्यात."

आक्का पुन्हा कागदाकडे पाहत राहिल्या. "म्हणजे डोकं सांभाळायचंच लिहिलं आहेस की," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी भाताखालचा स्टोव्ह बारीक केला आणि तिथूनच आवाज आला, "उद्या सकाळी. आणि वाचणार मी. हा पोरगा घाईघाईने वाचतो."

आक्का तालमीत येणार हे कळल्यावर वस्तादांची जी तारांबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. त्यांनी साऱ्या पैलवानांना सदरे घालायला लावले, माती झाडून काढली, हरवलेला पोळपाट शोधून धुऊन ठेवला. आक्का नऊवारी सावरत, मारुतीला नमस्कार करून आत आल्या आणि गादीशेजारी मांडलेल्या खुर्चीवर बसल्या. मामांनी कोट काढला. टोपी काढायची त्यांना आठवण राहिली नाही, आणि सांगायचा धीर कोणाला झाला नाही. डोक्यावर काळी टोपी, अंगात पांढरा सदरा, धोतराचा काचा मारलेला.  वस्ताद एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला हात पुढे करून उभे राहिलो.

आक्का वाचू लागल्या. "गुडघे मोडून बस." मामा बसले. "तळवे पायांपुढे टेक." टेकले. "हनुवटी छातीला लाव, आणि लावूनच ठेव." त्यांनी लावली. "पाठीचं मुटकुळं कर. बैठक वर घे." तो तारेचा खांब वळताना आम्ही प्रथमच पाहत होतो. कुठेतरी हाड वाजलं. पुढचं एकच वाक्य उरलं होतं, पण आक्कांचा आवाज येईना. कागदावरून नजर काढून त्या भावाकडे पाहत होत्या. मामा तसेच, डोकं आत घेतलेले, पाठ वर, श्वास जड. त्या मुटकुळ्यातून दबका आवाज आला, "आक्का, पुढे. तार अडलीय."

आक्कांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "पायांनी जमीन मागे ढकल, बाळ." बाळ हा शब्द कागदावर नव्हता.

मामांनी जमीन मागे ढकलली. क्षणभर त्यांचे दोन्ही पाय हवेत होते. मग ते थोडे तिरके, थोडे सावकाश, धोतराच्या सोग्यासकट पलीकडे आले आणि गादीवर पाय पसरून बसले. टोपी मागे राहिली होती. विरळ पांढरे केस उभे झाले होते. त्यांनी तालमीकडे, छपराकडे, मल्लखांबाकडे असं पाहिलं जणू कोणी सगळं उचलून जराशा वेगळ्या जागी ठेवलं आहे. मी विचारलं, "मामा, लागलं का?" मामांनी डोकं चाचपून पाहिलं. मग ते म्हणाले,

"अर्थ बरोबर आहे."

आणि मग आक्कांकडे वळून, लहान मुलाने विचारावं तसं, "पुन्हा?"

"एक पुरे," आक्का म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला होता. आमचे चारपाच हात सवयीने टोपीकडे गेले होते. "थांबा रे," त्या आम्हाला म्हणाल्या, "बाळ, टोपी तूच उचल."

मामा उठले, टोपीपाशी गेले, तिच्यासमोर नेहमीसारखे क्षणभर उभे राहिले. मग कमरेतून वाकले आणि त्यांनी ती उचलली.

पुढचं फारसं नाही. पोरं स्पर्धेला गेली, त्यांना बक्षीस काही मिळालं नाही, पण पंच ओरडले की कोणती उडी मारायची हे त्यांना कळत होतं, आणि वस्तादांना तेवढं पुरे होतं. मामांच्या त्या पुस्तकाच्या सायक्लोस्टाइल प्रती वापरून वापरून विरल्या. आता तालमीत शिकलेले प्रशिक्षक येतात, मुली तर फारच सुंदर काम करतात, आणि सगळे सरसकट इंग्रजीच शब्द वापरतात. त्यात वाईट काही नाही. परवा मी त्या बाजूला गेलो होतो तेव्हा मात्र एक मुलगी दुसरीला ओरडून सांगत होती, "अगं, अडकित्ता नीट मिट ना!" तो शब्द तिथे कसा आला हे तिला ठाऊक नसणार. मी थोडा वेळ पायरीवर बसलो आणि निघालो.

माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी धावत घरी आलो, जिना चढून वर गेलो आणि मामांच्या पाया पडलो. पाया पडताना मी नेहमीसारखा त्या वीतभर उंचीवरच्या हाताची वाट पाहत होतो. तो आला नाही. त्याऐवजी दोन्ही खांद्यांना धरून कोणीतरी मला उचललं. मामा वाकले होते. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याइतक्याच उंचीवर होता. "पास," ते म्हणाले, आणि मग त्यांना आणखी काही म्हणायचं असावं, पण त्या एका शब्दातच त्यांनी सगळं बसवलं होतं.

मामा गेल्याची तार मला नोकरीच्या गावी मिळाली. आक्कांनीच केली होती, आणि ती इतकी थोडक्यात होती की मामांना ती नक्की आवडली असती. पुढे आक्काही गेल्या, आणि आता तर तारखातंही उरलं नाही. मी विश्रांतवाडीला राहतो. जन्मभर मास्तरकी केल्यामुळे रस्त्यात जुने विद्यार्थी भेटतात, त्यांतले काही चांगले मोठे झाले आहेत, तरी भर रस्त्यात पाया पडायला वाकतात. मी वरून आशीर्वाद देत नाही. खाली वाकून त्यांना खांद्यांना धरून उठवतो. पाठ कुरकुरते, पण तेवढं चालतं. आणि वाकताना, का कोण जाणे, माझी हनुवटी दर वेळी आपोआप छातीला लागते.